भाऊबीजेला काय करू? आणि 'आला' म्हणू का 'आली'?

पळसफूल
१४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:४२

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी अंगणवाडी सेविका आहे, २१ वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही. अडीचशे उंबऱ्यांचं गाव आहे, ओळखणारे एवढ्यावरूनही ओळखतील.

माझं थोरलं लेकरू २३ वर्षांचं. डिप्लोमा झाला आणि पुण्याकडे एका कारखान्यात क्वालिटीच्या कामाला लागलं. यंदा जूनमध्ये, ऐन पेरणीच्या घाईत, फोन आला. "आई, मी ट्रान्स आहे." मला वाटलं आवाज कटला. म्हटलं, "ट्रान्सफर झाली का?" हे ओसरीत बियाण्याच्या थैल्या मोजत होते, तिथूनच ओरडले, "कुठं केली बदली?" तिकडून आधी हसू आलं, मग रडू. मग सांगितलं की आतून मी पहिल्यापासून मुलगीच आहे, मुलगा बनून राहणं आता जमत नाही. नवं नावही सांगितलं. नाव चांगलं आहे. धाकटीच्या वेळी माझ्या मनात तेच होतं, पण पत्रिकेत अक्षर दुसरं निघालं.

खोटं कशाला बोलू, धक्का बसला, पण नवल नाही वाटलं. आत्ता हे लिहून राहिली तर गल्लीत पोरींची भुलाबाई चालू आहे, कोजागिरी तोंडावर आली. आमचं हे आठ-नऊ वर्षांचं होतं तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन तिथंच बसलेलं. सगळी गाणी पाठ. खिरापत ओळखण्यात कोणी हात धरत नव्हतं. डबा हलवला की आवाजावरून सांगायचं, शेंगदाणे आहेत का फुटाणे. एका वर्षी ह्यांनी दंडाला धरून घरी आणलं आणि टिपऱ्या चुलीत घातल्या. मी भाकरी थापत होती. काही बोलली नाही. ते मला अजून टोचते.

आता अडचण सांगते. शहरातले लोक हसतील, पण माझी अडचण व्याकरणाची आहे.

आमच्या बोलीत 'तो येते' आणि 'ती येते' एकच. त्यामुळे चालू काळात माझं भागते. "जेवते का?" "कधी येते?" "तिकडं पाणी येते का रोज?" चार महिने असंच निभावलं. पण "काय करून राहिला" म्हणता येत नाही आणि "राहिली" जिभेवर येत नाही, आणि आमचं तर निम्मं बोलणं 'करून राहिला'वरच चालते. होऊन गेलेल्या गोष्टीचं तर विचारूच नका. जेवला का जेवली? पोचला का पोचली? मग मी विचारते, "जेवण झालं का?" "पोचणं झालं का?" परवा तिकडून मला म्हटलं, "आई, तू आजकाल सरकारी फॉर्मसारखी काहून बोलते?"

वर 'लेकरू' लिहिलं तेही त्यासाठीच. लेकरू 'ते' असते, सुटका होते.

दुसरं शब्दाचं. मोबाईलमध्ये शोधलं तर 'तृतीयपंथी' येते आणि फोटो सगळे सिग्नलवर टाळ्या वाजवणाऱ्यांचे. बाळ झालं की आमच्या गावातही येतात. कोणाच्या घरी पाळणा हलला हे मलाच विचारतात, कारण रजिस्टर माझ्याकडं. मी त्यांना चहा देते, भीत नाही. पण माझं लेकरू तसं फिरन का, हा विचार आला की झोप उडते. जाऊबाईच्या कानावर घातलं तर तिनं सरळ 'हिजडा' म्हटलं आणि पदर तोंडाला लावला. मग बरोबर शब्द कोणता?

तिसरं, ३ नोव्हेंबरला भाऊबीज आहे. दिवाळीला घरी येणं ठरलं आहे. केस खांद्यापर्यंत आले, कानात बारीक खडे आहेत, फोटो पाहिला मी. धाकटी अकरावीत, ती दरवर्षी ओवाळते. यंदा पाटावर कोण बसन? दोघी बहिणी झाल्या तर भाऊ कुठून आणू? ह्यांनी सांगून टाकलं, "पोट्ट्याले म्हणा केस कापून ये, नाही तर येऊच नको." सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि व्यापारी चार हजारानं मागून राहिले, त्यात घरात हे. माणूस तसा वाईट नाही.

अनुभव असन त्यांनी सांगा. उपदेश नको, तो गावात भरपूर मिळते.

अर्धविराम
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, मी वर्ध्याकडचा निवृत्त मास्तर, ३१ वर्षं मराठी शिकवलं. व्याकरणाची अडचण म्हणालात म्हणून बोलायचा अधिकार आला असं समजतो. बाकी अनुभव मला नाही.

मराठीनं 'लिंग' या एका शब्दावर तीन कामं टाकली आहेत. शरीराचा अवयव, नर-मादीचा भेद, आणि वाक्यात शब्द कसा चालवायचा ते. आठवीच्या वर्गात 'लिंग ओळखा' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायचीच. म्हणून अभ्यासक आता 'लिंगभाव' म्हणतात; माणूस आतून स्वतःला कोण समजतो, ते त्यातच येतं. दाईनं पाहून जे सांगितलं ते आणि हा लिंगभाव जुळत नाही, त्यांच्यासाठी 'पारलिंगी' हा शब्द अलीकडे रुळतो आहे. त्यावरून कोणी 'पारस्त्री' बनवायला गेलं तर मात्र ऐकणाऱ्याला 'परस्त्री' ऐकू येईल आणि घरात भलतंच भांडण लागेल. त्यापेक्षा 'ट्रान्स मुलगी' बरं. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून वीज कंपनीला शिव्या घालणाऱ्या गावाला 'ट्रान्स' जड जाऊ नये.

'तृतीयपंथी' सरकारी कागदात आणि पेपरात चालतो. मला त्यातला 'पंथ' खटकतो, कोणी दीक्षा दिल्यासारखा. शिवाय तुमचं मूल स्वतःला मुलगी म्हणतं आहे, तिसरं कोणी नाही. 'समलिंगी' हा वेगळाच विषय, तो जीव कोणावर जडतो त्याचा. आणि जन्मतःच शरीराची ठेवण सरळ नर किंवा मादी अशी नसते ते 'आंतरलिंगी'. गावात या सगळ्यांना एकाच पोत्यात भरून वरून सुतळी बांधतात.

तुमच्या पळवाटेबद्दल. 'नपुंसकलिंग' हे नाव शिवीसारखं आहे खरं. पण लेकरू, वासरू, पाखरू, पिल्लू ही सगळी मंडळी तिथंच राहतात. मला ती पळवाट वाईट वाटली नाही.

काळी_माती
१५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मास्तर, पळवाट आईले सोपी आहे, पोरीले नाही.

मी अकोला जिल्ह्यातली. आता नागपुरात राहते, वय ३४, ट्रान्स बाई. पळसफूलताई, सहा वर्षांच्या पोराला 'ते' म्हणणं गोड वाटते. २३ वर्षांच्या बाईच्या मागं सगळा बसस्टँड 'हे पाय काय आलं' म्हणते, तेही 'ते'च असते. आईनं एखादवेळी म्हटलं तर चालून जाते. रोज नको.

शब्दाचं माझ्याकडून ऐका. हिजडा ही नुसती शिवी नाही, ते एक घराणं आहे. तिथं गुरू असते, चेले असतात, कोणी कोणत्या गावात बधाई मागायची याचे कायदे असतात. काही जणी तो शब्द ताठ मानेनं स्वतः लावतात. पण प्रत्येक ट्रान्स बाई त्या घराण्यात नसते, आणि बाहेरच्या माणसानं तो शब्द फेकून मारला की तो दगडच असते. 'छक्का' तर कोणाच्याच तोंडात नको.

मी दोन वर्षं डेऱ्यावर, म्हणजे गुरूच्या घरी चेल्यांसोबत, होती. १९व्या वर्षी घरच्यांनी हाकललं, मूर्तिजापूरहून गाडीत बसली, अंगावर शर्ट-पँट, पिशवीत काही नाही. गुरूनं मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला शब्द काय होता सांगू? "जेवली का?" जन्मात पहिल्यांदा कोणी मला तसं विचारलं. मी तिथंच बसून रडली. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांचं भेव घेऊ नका. तिथं बहुतेक जणी हौसेनं जात नाहीत, घरचं दार बंद झाल्यावर जातात. तुमच्या पोरीची नोकरी आहे, दार तुमच्या हातात आहे.

आणखी एक. कोणी तरी शहाणा सांगनच की अमक्या डॉक्टरला दाखवा, ठीक होते. मला आधी एका बाबाकडं नेलं, मिरच्यांचा धूर दिला. मग एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दिवसाला सोळा तास झोपायची. तशीच बारावी नापास झाली. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली मंजूर केलेल्या नव्या यादीत हे मानसिक आजारांतून काढून टाकलं आहे. आणि असं 'सुधारून' द्यायचे उपचार करणं म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं. पोरीला मात्र बजावा, हार्मोनच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून, मेडिकलमधून परस्पर घेऊ नको. डॉक्टर पाहूनच.

भाऊबीजेचं तिलाच विचारा नं. फोन आहे की.

रोखठोक वैदर्भीय
१६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं पुण्या-मुंबईचं आणि मोबाईलचं खूळ आहे. आमच्या लहानपणी खेड्यात असं काही नव्हतं. आईबापानं वेळीच दोन ठेवून दिल्या असत्या तर ही पाळी आली नसती. खेडं हे कधीच स्वीकारणार नाही.

काळी_माती
१६ ऑक्टोबर, दुपारी २:०२

दोन नाही, दोनशे खाल्ल्या भाऊ. फरक पडला नाही.

लहानपणी नव्हतं म्हणता, खडी गंमत, आपल्याकडचा तमाशा, पाहिली असन नं? रात्रभर बाईच्या वेशातल्या ज्या नाच्यावर शिट्ट्या मारल्या, नोटा लावल्या, त्यालाच सकाळी हापशीवर 'बायल्या' म्हणून कोण चिडवत होतं? त्यातल्या सगळ्यांचं सोंग नव्हतं. काहींचं तेवढ्या रात्रीपुरतंच खरं जगणं होतं. आणि मोबाईलचं म्हणाल तर इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात आमच्या लोकांसाठी वेगळा भाग घातला होता. नावांची नोंदवही ठेवायची, बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसली किंवा नाचली तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा मोबाईल कोणता होता, नोकिया?

खेड्याचं पण सांगते. जळगाव जिल्ह्यात भादली म्हणून गाव आहे. तिथं ग्रामपंचायतीला अंजली पाटील महिलांच्या वॉर्डातून उभी राहिली, अर्ज बाद केला, ती हायकोर्टात गेली. कोर्टानं उभं राहू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडून आली. मतं पुण्या-मुंबईहून नव्हती आली.

पळसफूल
१६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. काळी_माती ताई, तुमचं 'जेवली का' वाचून मी पोळ्या अर्ध्यावर सोडून बाहेर जाऊन बसली.

ह्यांना हे सगळं वाचून दाखवायची हिंमत नाही झाली, पण काल त्यांनी स्वतःच विचारलं, "मग वावराचं काय? सातबाऱ्यावर कोणतं नाव चढन?" साडेचार एकर आहे. कोणाला माहीत आहे का?

सेतूवाला
१७ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

मला आहे, रोज हेच करतो. सेतू केंद्र चालवतो, दर्यापूर साईडला.

भाऊंना सांगा, वावराची चिंता सोडा. २००५ला वारसा कायदा बदलला तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. मुलगा म्हणा, मुलगी म्हणा, गुंठे तेवढेच.

आता कागदाचं. हे ऑक्टोबर २०२४चे नियम सांगतो; नियम बदलतात, अर्ज करायच्या आधी ताजे पाहून घ्या. १५ एप्रिल २०१४ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपण कोण हे माणसानं स्वतः ठरवायचं, त्याला ऑपरेशनची अट घालायची नाही. मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. कलम ६ खाली जिल्हाधिकारी ओळखीचं प्रमाणपत्र देतात. केंद्र सरकारच्या पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, सोबत शपथपत्र, डॉक्टरी तपासणी नाही. नियमात मुदत ३० दिवस. आमच्याकडून गेलेल्या एका अर्जाला पाच महिने लागले, कारण टेबलावरच्या साहेबांना वाटे की सिव्हिल सर्जनचा दाखला पाहिजेच. शेवटी नियमाची प्रिंट काढून समोर ठेवली. तुम्हीही प्रिंट जवळ ठेवा.

त्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असं येतं. थेट 'स्त्री' पाहिजे असेल तर कलम ७, त्याला शस्त्रक्रियेचा दवाखान्याचा दाखला लागतो. आधी प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन आणि बँक, असा क्रम ठेवा. उलटं केलं की प्रत्येक ठिकाणी नाव जुळत नाही म्हणून परत पाठवतात. राजपत्रात नाव छापून घेतलेलं बरं. टीसीचं, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचं, काम सगळ्यात चिवट, शाळेत दोन चकरा जास्त धरा.

अर्धविराम
१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

काळी_माती, 'पोरीले नाही' हे तुमचं बरोबर आहे. मी आईच्या बाजूनंच पाहिलं. मान्य.

पळसफूल
६ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:१५

दिवाळी झाली. सांगायचं राहून गेलं होतं, आज निवांत आहे.

धनत्रयोदशीच्या रात्री शेवटच्या एसटीनं आली. दिवसभर मी चिवडा परतत मनाशी म्हणत होती, आली का, आली का. शेजारणीनं विचारलंही, कोणाशी बोलून राहिली? आणि दार उघडलं तर तोंडातून निघालं, "आलाऽली का?" ती दारातच पिशव्या टाकून हसली. "आई, दोन्ही एकदम?" मी म्हटलं, "ये, हातपाय धू."

केस कापले नव्हते. हे उठले, कांबळं घेतलं आणि जागलीला निघून गेले. रानडुकरांचा त्रास आहे खरा, पण तीन रात्री सलग ह्यांनी कधी जागल केली नव्हती. दिवसा येत, जेवत, जात. ताट मी वाढत होती तोवर ठीक. एका दुपारी तिनं वाढलं, तर जेवले, पण वर पाहिलं नाही. भाजी मात्र दोनदा घेतली.

सासू ८१ वर्षांची आहे, ती अजूनही स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' म्हणते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोट्टी झाली म्हणतं, मंग भाकर टाकता येते का?" हिनं टाकून दाखवली. इकडून जळली, तिकडून कच्ची. सासू म्हणे, "तुही मायही लग्न होऊन आली तवा अशीच टाके." माझी इज्जत गेली ती गेली.

भाऊबीजेचं काळी_मातीताईंनी सांगितल्यासारखं तिलाच विचारलं. ती म्हणे, "मला पाटावर नाही बसायचं, मला ओवाळायचं आहे." पण कोणाला? जाऊबाई तर दिवाळीभर फिरकलीच नाही. दुपारी तिचा पोरगा, तेरा वर्षांचा, स्वतःच आला, केसांना तेल लावून, आणि पाटावर जाऊन बसला. कोणी बोलावलं विचारलं तर म्हणे दरवर्षी येतो नं. दोघींनी ओवाळलं. खिशात एकच वीसची नोट होती, ती ताटात टाकली आणि म्हणे दहा-दहा घ्या. मग बराच वेळ हिच्याकडं पाहत होता.

"दादा, आता तुले ताई म्हणू का?"

"म्हण."

"मग तुही सायकल माही नं? ते जेन्ट्स आहे."

धाकटी हसून हसून लोळली. सायकल नेली त्यानं. संध्याकाळी जाऊबाई त्याला शोधत आली, कुंपणाच्या बाहेर उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. फराळाचं ताट नेलं. ते परत आलं नाही अजून. बचत गटात गेली तर बायका एकदम गप्प झाल्या, तेही झालंच. ते होणारच होतं.

४ तारखेला ती निघाली. जायला ऑटो सांगितला होता, तर ह्यांनी मोटरसायकल काढली. मला वाटलं वावरात चालले. बॅग हातातून घेतली, टाकीवर ठेवली आणि म्हणाले, "नीट बस." बाकी स्टँडपर्यंत दोघं काही बोलले नाहीत, असं तिनंच नंतर सांगितलं. गाडी लागेपर्यंत हे तिथंच उभे होते म्हणे, कोणी कोणी पाहून राहिलं होतं तरी.

काल सकाळी मी सडा टाकत होती. हे गोठ्यात गाईजवळ बसले होते, पाठ माझ्याकडं. धारेचा आवाज थांबला.

"पोचलं का लेकरू?"

"हाव," मी म्हटलं. "पोचली."